युक्तीने केलेला गुणाकार पुन्हा पुन्हा चुकतोय? चुकलेलं उत्तर खोडू नका

तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. उभी-तिरकी पद्धत समजली, शंभराजवळच्या संख्यांची युक्ती समजली, रेघा मारूनही गुणाकार करून पाहिला. सरावाची दहाच्या दहा गणितं बरोबर आली. दोन दिवसांनी दुसऱ्या संख्या घेतल्या आणि उत्तर चुकलं. पुन्हा केलं तर तेच चुकीचं उत्तर पुन्हा आलं. मग माणूस एकतर युक्ती सोडून देतो, नाहीतर तीच आणखी पन्नास वेळा घोटतो. घोटल्याने वेग वाढतो, पण चूक तशीच राहते, कारण ती कुठे होते हे कोणी शोधलेलंच नसतं.

असं गणित कोणी घेऊन आलं की मी आधी एकच विनंती करतो: चुकलेलं उत्तर खोडू नका. त्या कागदावर सगळ्यात कामाची गोष्ट तीच असते. बरोबर उत्तर नेहमीच्या लांब पद्धतीने किंवा कॅल्क्युलेटरवर काढा, दोन्हींतला फरक काढा आणि त्या फरकाकडे नीट बघा. गुणाकारात उत्तर सहसा उगाच चुकत नाही. एखादा तुकडा बेरजेतून सुटतो, किंवा एका घराचा तुकडा शेजारच्या घरात जाऊन बसतो. फरकाच्या संख्येत तो तुकडा जवळजवळ नेहमी ओळखता येतो.

आधी चौकोन काढा

४७ × ६८ घेऊ. एका बाजूला ४० आणि ७, दुसऱ्या बाजूला ६० आणि ८ अशी विभागणी केलेला एक आयत काढा. चार खोल्या होतात:

४० × ६० = २४००
४० × ८ = ३२०
७ × ६० = ४२०
७ × ८ = ५६

चारही मिळवा, ३१९६. गुणाकाराची जी जी युक्ती तुम्ही शिकलात ती याच चार खोल्या वेगळ्या क्रमाने मोजते. काही युक्त्या दोन खोल्या एकत्र करतात, काही आयत थोडा मोठा करून नंतर जादा भाग कापतात. म्हणून कुठल्याही युक्तीत अडलात की तिच्या नियमाकडे न जाता या चौकोनाकडे या.

उभ्या-तिरक्या पद्धतीत (काहींनी ती ऊर्ध्वतिर्यक् या नावाने शिकलेली असते) हेच गणित असं होतं. डावीकडचे उभे ४ × ६ = २४, उजवीकडचे उभे ७ × ८ = ५६, आणि मधे तिरके ४ × ८ आणि ७ × ६, म्हणजे ३२ + ४२ = ७४. मांडणी २४ | ७४ | ५६. आता उजवीकडून हातचे सारत यायचं: छप्पन्नाचे सहा मांडले, हातचे पाच. चौऱ्याहत्तर आणि पाच एकोणऐंशी, त्यातले नऊ मांडले, हातचे सात. चोवीस आणि सात एकतीस. ३१९६.

याच गणिताची मला वारंवार दिसणारी चुकीची उत्तरं आणि त्यांचं निदान असं:

२४५६ आलं, फरक ७४०. मधली पायरी संपूर्ण सुटली. दशकांचा गुणाकार केला, एककांचा केला आणि शेजारी शेजारी लिहून मोकळे. ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे आणि ती युक्ती न शिकलेल्यांच्या हातूनही होते.

२७७६ आलं, फरक ४२०. एकच तिरका गुणाकार घेतला, ७ × ६ राहिला.

३१४६ आलं, फरक ५०. छप्पन्नाचे हातचे पाच मधल्या घरात मिळवले नाहीत.

२४९६ आलं, फरक ७००. दुसरा हातचा राहिला.

३१९४ आलं, फरक २. हातचे, तिरके सगळं ठीक आहे. सात आठे छप्पन्नच्या जागी चोपन्न धरले. इथे युक्तीचा दोष नाही, पाढ्याचा आहे. ६, ७, ८, ९ यांचे आपापसातले गुणाकार पक्के नसतील तर कुठलीच युक्ती वाचवू शकत नाही. हे मोजके दहा गुणाकार आहेत, आठवडाभरात पक्के होतात, आणि त्यांना टाळून पुढे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

२४७४५६ आलं. इथे फरक काढायची गरज नाही. तिन्ही भाग जसेच्या तसे चिकटवले. दोन अंकी संख्येला दोन अंकी संख्येने गुणलं की उत्तर तीन किंवा चार अंकी येतं, सहा अंकी कधीच नाही.

आणि एक वेगळी जात: ५०३२ आलं, फरक १८३६. हा फरक कुठल्याच खोलीशी जुळत नाही. पण त्याला ६८ ने भागून बघा, बरोबर २७ येतात. म्हणजे ६८ पूर्ण वेळ नीट होते, दुसरी संख्याच २७ ने चुकली. ४७ च्या जागी ७४ लिहिले गेले. मराठीत दोन अंकी संख्या बोलताना एकक आधी येतो, सत्तेचाळीस म्हणताना सात पहिल्यांदा कानावर पडतो, आणि ऐकून घाईने लिहिताना हात तोच अंक आधी लिहितो. त्रेसष्ट-छत्तीस, अठ्ठावीस-ब्याऐंशी अशा जोड्या यात सापडतात. तुमच्या बाबतीत हे वारंवार होत असेल तर गुणाकार सुरू करण्याआधी लिहिलेली संख्या एकदा अंकवार वाचा: चार, सात.

हीच बोलण्याची रीत हातच्याच्या वेळी मात्र मदतीला येते. "छप्पन्नाचे सहा, हातचे पाच" म्हणताना शब्दातही सहा आधी आहे आणि कागदावरही तोच आधी लिहायचा आहे. म्हणून हातचा मनात न ठेवता तोंडाने उच्चारा. ज्यांचे हातचे सुटतात त्यांच्यापैकी बहुतेकांना एवढ्यानेच फरक पडतो.

मधली पायरी बरोबर आहे का, हे आधीच कळतं

४७ चे अंक मिळवा: ११. ६८ चे अंक मिळवा: १४. ११ × १४ = १५४. आता मांडणीतले तिन्ही भाग मिळवा: २४ + ७४ + ५६ = १५४. हे नेहमी जुळायलाच हवं, कारण अंकांच्या बेरजांचा गुणाकार केला की तेच चार गुणाकार मिळतात, फक्त त्यांची घरं गळून पडतात. जुळलं नाही तर हातचे सारायला सुरुवातच करू नका.

तीन अंकी संख्यांमध्ये ही तपासणी विशेष उपयोगाची आहे. २१४ × ३५६ चे पाच भाग होतात: ६ | १३ | २९ | २६ | २४. मधल्या २९ मध्ये तीन गुणाकार आहेत (२ × ६, १ × ५, ४ × ३) आणि चूक बहुधा तिथेच होते, कारण दोन तिरके घेतले की काम झालं असं वाटतं आणि मधला उभा राहतो. तो राहिला तर उत्तर ७६१८४ ऐवजी ७५६८४ येतं, फरक ५००, म्हणजे शतकाच्या घरातले ५. पण आधीच बेरीज पाहिली असती तर? अंकांच्या बेरजा ७ आणि १४, गुणाकार ९८. आणि ६ + १३ + २९ + २६ + २४ = ९८. एक भाग कमी पडला की तिथल्या तिथे ९३ दिसले असते.

हेच उलटं वापरलं तर एक गुणाकार वाचतोही. १५४ मधून २४ आणि ५६ वजा केले की मधले ७४ मिळतात, तिरके दोन गुणाकार करायची गरज नाही. अनातोली करात्सुबा या रशियन गणितज्ञाने १९६० साली दाखवलेली प्रचंड मोठ्या संख्यांच्या गुणाकाराची पद्धत याच कल्पनेवर उभी आहे: चार गुणाकारांऐवजी तीन. दोन अंकी संख्यांना त्याने वेळ फारसा वाचत नाही, पण ताळ्यासाठी मला ती फार आवडते.

शंभराजवळच्या संख्या: शून्य आणि चिन्ह

९७ × ९४. शंभराला ३ कमी, ६ कमी. ९७ मधून ६ काढले, ९१. ३ × ६ = १८. उत्तर ९११८. निखिलम् नावाने ही युक्ती बरीच जण शिकतात आणि ती चटकन आवडते. अडचण अशी की पहिली पाच-सहा उदाहरणं नेमकी अशीच सोपी दिली जातात.

१०० बाय १००चा चौरस डोळ्यासमोर आणा. एका बाजूने ३ रुंदीची पट्टी कापा, दुसऱ्या बाजूने ६ रुंदीची. दोन्ही पूर्ण पट्ट्या वजा केल्या की कोपऱ्यातला ३ × ६ चा तुकडा दोनदा वजा होतो, म्हणून तो एकदा परत मिळवायचा. डावीकडचे ९१ म्हणजे ९१ शतकं, आणि उजवीकडचे १८ म्हणजे तो कोपरा. हे चित्र पक्कं असेल तर खालच्या तिन्ही चुका होत नाहीत.

पहिली: ९८ × ९७. कमी २ आणि ३. ९५, आणि २ × ३ = ६. उत्तर ९५६ लिहिलं जातं. पण ९५ शतकं म्हणजे ९५००, त्यात ६ मिळवले की ९५०६. उजवीकडे दोन घरं आहेत, कोपरा एक अंकी असला तरी घरं दोनच. हजाराजवळ तीन घरं: ९९७ × ९८८ मध्ये कमी ३ आणि १२, म्हणून ९८५ | ०३६. इथली शून्यं सुटली की फरक जवळजवळ उत्तराएवढाच मोठा येतो. तसा अवाढव्य फरक दिसला की हातचे वगैरे शोधत बसू नका, घरं मोजा.

दुसरी: ८८ × ८७. कमी १२ आणि १३. ८८ − १३ = ७५, १२ × १३ = १५६. मांडणी ७५ | १५६. उजवीकडे दोनच घरं, म्हणून १५६ चे ५६ राहतात आणि १ डावीकडे जातो: ७६५६. कोणी ७५१५६ लिहितं, कोणी १ टाकून देऊन ७५५६ लिहितं. दुसऱ्यातला फरक १००, म्हणजे तोच हातचा.

तिसरी चूक जास्त फसवी आहे. १०४ × ९७. एक संख्या ४ ने जास्त, दुसरी ३ ने कमी. १०४ − ३ = १०१, म्हणजे १०१००. आता ४ × ३ = १२ मिळवायचे की वजा करायचे? वजा. १००८८. इथे चौरस एका बाजूने वाढला आणि दुसऱ्या बाजूने कापला गेला. जो कोपरा वाढलेल्या पट्टीत आहे तोही कापायला हवा. सवयीने १२ मिळवले तर १०११२ येतात आणि फरक २४, कोपऱ्याच्या बरोबर दुप्पट. फरक एखाद्या तुकड्याच्या दुप्पट दिसला की चिन्ह उलटं झालंय असं समजा. हा नियम सगळ्याच पद्धतींत लागू पडतो.

मग ६३ × ५८ ला काय करायचं? शंभराला ३७ आणि ४२ कमी. चालतं, पण ३७ × ४२ हा मूळ गणिताइतकाच अवघड गुणाकार परत करावा लागतो. इथे शंभराचा हट्ट सोडा आणि ६० घ्या. एक ३ ने जास्त, एक २ ने कमी. ६३ − २ = ६१, ६१ × ६० = ३६६०, त्यातून ६ गेले, ३६५४. फक्त एक ध्यानात ठेवायचं: डावीकडच्या ६१ ला आता १०० ने नाही, ६० ने गुणायचंय. ६० घेऊन ६१०० लिहिणारे मी बरेच पाहिले आहेत.

सोयीची संख्या आपणच निवडायची ही कल्पना जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या लीलावतीत १३५ × १२ हे एकच उदाहरण घेऊन ते अनेक तऱ्हांनी सोडवायला सांगितलंय: १२ चे ८ आणि ४ करा, किंवा १२ ला ३ आणि ४ चा गुणाकार माना, किंवा १ आणि २ असे स्थानांप्रमाणे घ्या, किंवा १० ने गुणून दुप्पट मिळवा, किंवा ८ वाढवून २० ने गुणा आणि ८ पट वजा करा. शेवटचं करून पाहा: २७०० − १०८० = १६२०. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते की उदाहरण एकच आहे. पाच पद्धतींना पाच निरनिराळी सोयीची उदाहरणं दिली की शिकणाऱ्याला वाटतं, प्रत्येक पद्धत तेवढ्याचपुरती. स्वतःसाठी सराव करताना तुम्हीही एकच गणित तीन वाटांनी सोडवा. तिन्ही उत्तरं एकमेकांचा ताळा होतात.

आणि आपल्या संख्यांच्या नावांतच एक इशारा दडलेला आहे. एकोणपन्नास म्हणजे पन्नासाला एक उणा. ४९ × ३६ दिसलं की नावच सांगतं: ३६ पन्नासे १८००, त्यातून एकदा ३६ गेले, १७६४. इथे चूक होते ती अशी की वजा करताना ३६ ऐवजी ४९ काढले जातात आणि १७५१ येतं. फरक १३, म्हणजे ४९ आणि ३६ मधलंच अंतर. ज्या संख्येला पन्नास वेळा घेतलं तीच एकदा परत करायची.

रेघा आणि जाळी

रेघांची पद्धत, जपानी म्हणून फिरणारी, बघायला फार सुंदर आहे. २१ × १३ साठी एका दिशेने २ आणि १ रेघा, त्यांना छेदणाऱ्या १ आणि ३ रेघा. डाव्या कोपऱ्यात २ छेद, मधल्या पट्ट्यात ६ + १ = ७, उजव्या कोपऱ्यात ३. उत्तर २७३. रेघांचे छेद म्हणजे चौकोनाच्या खोल्याच.

पण ८९ × ७८ रेघांनी करू नका. छेदांची एकूण संख्या अंकांच्या बेरजांच्या गुणाकाराएवढी असते, १७ × १५ = २५५. एवढे ठिपके मोजताना एखादा सुटणारच. अंक ४ च्या पुढचे असतील तर छेद मोजू नयेत, प्रत्येक कोपऱ्यात सरळ गुणाकार लिहावा. तसं केलं की ही उभी-तिरकी पद्धतच झाली.

रेघांमधली दुसरी अडचण शून्याची. १०२ × २१ करताना शून्याची रेघ मारायचीच नाही असं वाटतं, आणि मग १२ × २१ चं उत्तर २५२ येतं. शून्यासाठी तुटक रेघ मारा. तिच्यावरचे छेद मोजायचे नाहीत, पण तिचं घर शाबूत राहतं. बरोबर उत्तर २१४२.

जाळीच्या मांडणीत प्रत्येक खोली तिरक्या रेषेने दुभागलेली असते, वर दशक, खाली एकक. इटलीतल्या त्रेविझो इथे १४७८ साली छापलेल्या अंकगणिताच्या पुस्तकात ही मांडणी आहे, आणि जॉन नेपियरने १६१७ साली याच जाळीच्या उभ्या पट्ट्या करून त्यांचं गणनेचं साधन बनवलं. लहान मुलांसाठी मला हीच पद्धत सगळ्यात निर्धोक वाटते, कारण सगळे गुणाकार आधी होतात आणि हातचे शेवटी एकदाच येतात. मात्र एक अंकी गुणाकार कुठल्या त्रिकोणात लिहायचा हे चुकतं. ३२ × १४ मध्ये २ × ४ = ८. ते खालच्या त्रिकोणात आणि वर शून्य. शून्य न लिहिता ८ वर लिहिले गेले की ८ चे ८० होतात आणि ४४८ ऐवजी ५२० येतात. फरक ७२, म्हणजे आठाची नऊपट. कुठलाही तुकडा एक घर डावीकडे सरकला की फरक त्या तुकड्याच्या नऊपट येतो. फरकाला ९ ने भाग गेला तर आधी घरांवर संशय घ्या.

नवाचा ताळा जुळला, तरी उत्तर चूक?

हा प्रश्न मला सारखा विचारला जातो आणि त्याचं उत्तर वरच्याच ओळीत आहे. नवाच्या ताळ्यात दोन्ही संख्यांच्या अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करत जायची, त्यांचा गुणाकार करायचा, आणि तो उत्तराच्या अंकांच्या बेरजेशी पडताळायचा. ४७ चे २ (११, मग २), ६८ चे ५, गुणाकार १०, म्हणजे १. ३१९६ चे १९, मग १०, मग १. जुळलं.

पण हा ताळा अंक कोणत्या घरात आहे ते बघतच नाही. ३९१६ लिहिलं असतं तरी तो जुळलाच असता. ९५०६ आणि ९५६ दोन्हींची बेरीज २०. ४४८ आणि ५२० दोन्हींचा शेवट ७. म्हणजे या युक्त्यांमध्ये ज्या चुका सगळ्यात जास्त होतात, घर सरकणं, शून्य गळणं, अंकांची अदलाबदल, नेमक्या त्याच नवाच्या ताळ्यातून निसटतात. हातचा विसरला किंवा तुकडा गळला तर तो बहुधा पकडतो. म्हणून तो टाकू नका, पण एकट्यावर विसंबू नका.

सोबत अकराचा ताळा घ्या. उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा, असं आळीपाळीने. ३२ चे २ − ३ = −१, म्हणजे १० (उणे आलं तर ११ मिळवा). १४ चे ४ − १ = ३. १० × ३ = ३०, त्यातून २२ गेले, ८. आता ४४८: ८ − ४ + ४ = ८, जुळलं. ५२०: ० − २ + ५ = ३, जुळलं नाही. शेजारच्या घरात सरकलेला तुकडा इथे सहसा सुटत नाही.

आणि या दोन्हींच्या आधी अंदाज. ९८ × ९७ म्हणजे दहा हजाराच्या जरा आत. ९५६ हे उत्तर तिथेच परत पाठवायला हवं.

अट विसरली

६५ चा वर्ग: ६ × ७ = ४२, पुढे २५, उत्तर ४२२५. याच युक्तीचा विस्तार असा की दशक सारखे आणि एककांची बेरीज १० असेल तर चालतं: ६३ × ६७ = ४२ | २१ = ४२२१. ६१ × ६९ मध्ये १ × ९ = ०९ लिहा, ४२०९. पण ६४ × ६७ ला बेरीज ११ होते, तिथे हे लावलं की ४२२८ येतं, खरं उत्तर ४२८८. फरक ६०. एककांची बेरीज दहापेक्षा एकाने जास्त, म्हणून ६० × १ सुटले. अशा वेळी युक्ती जबरदस्तीने न लावता तिच्या शेजारून या: ६३ × ६७ आणि आणखी एकदा ६७, म्हणजे ४२२१ + ६७.

३५ × ४५ लाही वर्गाची युक्ती लावली जाते. तिथे मधला ४० घ्या: १६०० वजा २५, १५७५.

अकराच्या युक्तीबद्दल थोडक्यात. ७८ × ११ = ७ | १५ | ८, हातचा सारून ८५८. ७१५८ लिहिणं ही त्याच चिकटवण्याच्या सवयीची चूक.

२५, ७५, १२५ ने गुणताना पाव, पाऊण, सव्वा हे शब्द मनात आणा. ३६ चा पाव ९, म्हणून २५ × ३६ = ९००. पाऊण २७, म्हणून ७५ × ३६ = २७००. सव्वा ४५, म्हणून १२५ × ३६ = ४५००. चाराने भाग जात नसेल तिथे लोक अडतात: २५ × ३७, ३७ चा पाव ९ आणि बाकी १. ती बाकी १ म्हणजे एक पाव शंभर, २५. उत्तर ९२५. बाकी १ जशीच्या तशी लिहून ९०१ करू नका.

निम्मं-दुप्पट करताना (४५ × १८ = ९० × ९ = ८१०) उत्तर दुप्पट किंवा निम्मं आलं तर एकाच बाजूला हात लागला, दुसरी तशीच राहिली.

कागदावर येतं, मनात येत नाही

याचं कारण बहुतेक वेळा दिशा असते. कागदावर आपण उजवीकडून येतो, कारण हातचे लिहून ठेवता येतात. मनात तसं केलं की लिहून झालेले अंक उलट्या क्रमाने धरून ठेवावे लागतात: सहा, मग नऊ, मग एकतीस, आणि शेवटी ते फिरवून वाचायचे. तेवढ्यात एक निसटतो. मनात डावीकडून या. २४००. त्यात ७४०, झाले ३१४०. त्यात ५६, झाले ३१९६. प्रत्येक क्षणी डोक्यात एकच चालू बेरीज असते आणि मधेच थांबावं लागलं तरी हातात जवळचं उत्तर असतं. किंवा ४७ × ७० = ३२९०, त्यातून दोनदा ४७, म्हणजे ९४ गेले. दोन्हींपैकी तुम्हाला सुचेल ते. मला स्वतःला पहिली वाट जास्त भरवशाची वाटते, कारण वजाबाकीत हात लवकर डळमळतो.

आता थोडा उलटा सराव. ४३ × ५६ चं बरोबर उत्तर २४०८ आहे. पाच जणांची उत्तरं अशी आली: २०१८, २२५८, २३९८, २००८, २४१८. मांडणी २० | ३९ | १८ समोर ठेवा आणि प्रत्येकाचा फरक काढून, कोणाचं काय सुटलं ते सांगा. शेवटच्याचा फरक उलट्या बाजूचा आहे. त्याने हातचा विसरला नाही, दोनदा मिळवला.